उशाशी ठेवलेली बंदूक : एका दृष्टान्ताची चिकित्सा

बंदुकीविषयीचा अमेरिकेतील वाद आपल्यापर्यंत पोचतो तो बहुधा एखाद्या शाळेतील हत्याकांडाच्या बातमीबरोबर. १४ डिसेंबर २०१२ रोजी कनेक्टिकट राज्यातील सँडी हूक प्राथमिक शाळेत २० मुले आणि ६ मोठी माणसे मारली गेली. २४ मे २०२२ रोजी टेक्सस राज्यातील युवाल्डी या गावच्या शाळेत १९ मुले आणि २ शिक्षिका बळी पडल्या. अशी बातमी आली की चार दिवस हळहळ व्यक्त होते, ‘या देशाला झाले आहे तरी काय?’ असे विचारले जाते आणि विषय मागे पडतो. मात्र त्या देशातील काही तत्त्वचिंतकांनी हा विषय मागे पडू दिलेला नाही. गेली सुमारे तीस वर्षे ते एक मूलगामी प्रश्न विचारीत आहेत : माणसाला बंदूक बाळगण्याचा नैतिक हक्क आहे काय?

या चर्चेतील एका निबंधाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. कोलोरॅडो विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे अध्यापन करणाऱ्या मायकेल ह्यूमर यांनी २००३ साली ‘सोशल थिअरी अँड प्रॅक्टिस’ या नियतकालिकात हाच प्रश्न शीर्षस्थानी घेऊन एक निबंध लिहिला आणि त्याचे उत्तर होकारार्थी दिले. त्यांचा निष्कर्ष आपणांपैकी अनेकांना रुचणार नाही. तरीही हा निबंध टाळून पुढे जाता येत नाही, कारण बंदुकीच्या बाजूने जे जे प्रामाणिकपणे म्हणता येईल ते त्यात सर्वाधिक स्वच्छपणे म्हटलेले आहे. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्या दुबळ्या रूपात खोडून काढण्यात वैचारिक पुरुषार्थ नसतो. ते त्याच्या बळकट रूपात ऐकून घ्यावे लागते.

१

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. अमेरिकेच्या राज्यघटनेतील दुसरी दुरुस्ती १७९१ साली अमलात आली. तिच्या आधारे व्यक्तीला स्वसंरक्षणासाठी घरात बंदूक बाळगता येते, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली ‘हेलर’ खटल्यात ५ विरुद्ध ४ मतांनी दिला, आणि २०२२ साली ‘ब्रुएन’ खटल्यात तो हक्क घराच्या उंबरठ्याबाहेर नेला. परंतु हा झाला कायद्याने दिलेला हक्क. कायदा जे देतो ते कायदा काढूनही घेऊ शकतो. नैतिक हक्काचे तसे नसते. कायदा न्याय्य आहे की अन्याय्य, हे ज्या मापाने मोजायचे ते माप म्हणजे नैतिक हक्क. ज्या घटनेत ही दुसरी दुरुस्ती आहे त्याच घटनेच्या छायेत १८६५ सालापर्यंत गुलामगिरी सुरक्षित होती. तेव्हा ‘घटनेत लिहिले आहे’ एवढ्याने नैतिक प्रश्न सुटत नाही. ह्यूमर यांनी घटनेचा आधार घेण्याचे कटाक्षाने टाळले आहे, ही त्यांच्या निबंधाची पहिली जमेची बाजू. राष्ट्राचा इतिहास, ध्वज, पूर्वजांचे शौर्य या भावनिक कुबड्या त्यांनी बाजूस ठेवल्या आहेत. माणूस म्हणून माणसाला काय देणे लागते, एवढाच त्यांचा प्रश्न आहे.

२

ह्यूमर यांच्या युक्तिवादाची मांडणी थोडक्यात अशी. माणसाने एखादी गोष्ट करू नये याला जोवर सबळ कारण दाखविता येत नाही, तोवर ती करण्यास तो मोकळा असला पाहिजे. कारण दाखविण्याची जबाबदारी बंधन घालणाऱ्यावर असते. या अर्थाने बंदूक बाळगण्याचा एक प्रथमदर्शनी हक्क माणसाला आहे. प्रथमदर्शनी म्हणजे अबाधित नव्हे. पुरेशी वजनदार कारणे असतील तर तो बाजूला सारता येतो.

आता या हक्काचे वजन किती? हक्काचे वजन दोन गोष्टींवर ठरते, असे ह्यूमर म्हणतात. त्या माणसाने स्वतःच्या आयुष्याची जी आखणी केली आहे तीत त्या गोष्टीला किती महत्त्व आहे, ही एक. आणि तिच्यावर दुसरा एखादा मोठा हक्क किती अवलंबून आहे, ही दुसरी. नेमबाजी आणि शिकार यांचा आनंद पहिल्या सदरात येतो आणि ह्यूमर त्यालाही क्षुल्लक लेखीत नाहीत. परंतु त्यांचा खरा भर दुसऱ्यावर आहे. बंदूक बाळगण्याचा हक्क स्वयंभू नाही, तो स्वसंरक्षणाच्या हक्कातून निघतो. त्याला आपण साधित हक्क म्हणू. ज्याला साध्याचा हक्क आहे त्याला त्या साध्याच्या योग्य साधनाचाही हक्क असतो, हे त्यामागील सूत्र.

हे सूत्र मनावर ठसविण्यासाठी त्यांनी एक दृष्टान्त योजला आहे. एका घरात दोघे जण राहतात. रात्री एक मारेकरी आत शिरतो. घरातील दोघांपैकी एक जण त्याला सामील असतो. तो दुसऱ्याला दाबून धरतो आणि मारेकरी सुऱ्याने त्याचा प्राण घेतो. साथीदाराने स्वतः वार केला नाही, तरी त्याचे कृत्य खुनाच्या जवळ जाणारे आहे याविषयी कोणाचे दुमत होणार नाही. आता प्रसंगात एक बदल करावयाचा. बळीच्या उशाशी बंदूक आहे. मारेकरी आत येताच तो तिच्याकडे हात नेतो, तोच साथीदार ती हिसकावून पळून जातो आणि पुढे तेच घडते. या साथीदाराचे कृत्य पहिल्यापेक्षा फारसे कमी निंद्य आहे काय? नाही, असे आपण म्हणतो. मग गुन्हेगार नसलेल्या प्रौढ नागरिकांच्या हातून कायद्याने बंदुका काढून घेणारे शासन या साथीदाराहून वेगळे कसे, असा ह्यूमर यांचा प्रश्न आहे.

येथून ते शेवटच्या पायरीवर येतात. बंदीमुळे वाचणारे जीव हे बंदीमुळे जाणाऱ्या जिवांहून थोडे अधिक असले तर ते पुरेसे नाही. एका निरपराधाला मारून दोघांना वाचविणे आपण न्याय्य मानीत नाही. त्याच न्यायाने, बंदीचे समर्थन करणाऱ्याने दाखविले पाहिजे की ती जितके जीव घेते त्याच्या कितीतरी पटींनी जीव वाचविते. असे कोणीही दाखवू शकलेले नाही, म्हणून बंदी अन्याय्य, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

३

या युक्तिवादाचा सारा भार दृष्टान्तावर आहे. म्हणून त्याची परीक्षा तर्कशास्त्राइतकीच साहित्याच्या दृष्टीनेही केली पाहिजे. इंग्रजी तत्त्वज्ञानात गेल्या साठ वर्षांत कथेतून नीतीचा विचार करण्याची एक परंपराच निर्माण झाली. फिलिपा फूट यांनी १९६७ साली रूळ बदलणाऱ्या ट्रामचालकाची कथा रचली. ज्युडिथ जार्व्हिस थॉमसन यांनी १९७१ साली गर्भपाताच्या चर्चेत एका आजारी व्हायोलिनवादकाची कथा सांगितली. अशा कथांचे बळ त्यांच्या संक्षेपात असते. जे अवांतर आहे ते गाळून एकच नैतिक नाते उजेडात आणायचे, ही त्यांची रीत. मात्र कथाकाराने काय गाळले यावरच तिचा निष्कर्ष पुष्कळदा ठरत असतो. श्रोत्याला वाटते की आपण स्वतंत्रपणे कौल दिला, परंतु कौल कोणत्या बाजूने पडणार हे पात्रांची निवड होताच ठरून गेलेले असते.

ह्यूमर यांच्या कथेत रात्र एकच आहे. मारेकरी निश्चित आहे आणि त्याचा हेतूही निश्चित आहे. बंदूक भरलेली आहे, हाताशी आहे, आणि ती योग्य माणसावरच चालणार आहे. त्या घरात मूल नाही. बळी आणि त्याचा साथीदार यांच्यात आधी काय घडले हे आपणांस कळत नाही. या चौकटीत बंदूक हे केवळ रक्षणाचे साधन असते, दुसरे काहीही होण्यास तिला अवसरच नसतो.

गंमत अशी की, रात्री घरात शिरणाऱ्या माणसाची कथा ही नीतिविचारातील फार जुनी कथा आहे. जुन्या करारातील निर्गम या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात ती नियमाच्या रूपाने येते. घर फोडताना चोर सापडला आणि मार लागून मेला, तर मारणाऱ्यावर रक्तपाताचा दोष नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी स्वसंरक्षणाच्या प्रश्नाचा ऊहापोह करताना याच वचनाचा आधार घेतला. त्यांच्यापुढे संत ऑगस्टीन यांचे मत होते. सैनिक किंवा अधिकारी नसलेल्या माणसाने स्वतःचा जीव वाचविण्यासाठी दुसऱ्याचा जीव घ्यावा हे ऑगस्टीन यांना मान्य नव्हते. अक्वायनस यांनी वेगळी वाट काढली. एकाच कृतीचे दोन परिणाम होऊ शकतात, स्वतःचे प्राण वाचणे आणि हल्लेखोराचे प्राण जाणे. पहिला परिणाम हेतूत असतो, दुसरा हेतूच्या बाहेर. म्हणून अशी कृती वैध ठरते, परंतु ती प्रसंगाच्या प्रमाणात असली पाहिजे. गरजेहून अधिक बळ वापरले तर तीच कृती अवैध होते.

आणि त्या जुन्या नियमाचे पुढचेच वचन असे आहे की, सूर्य उगवल्यावर हे घडले तर मारणाऱ्यावर रक्तपाताचा दोष येतो. अंधारात चोराचा हेतू कळत नाही आणि मदत जवळ नसते. उजेडात हेतू कळतो आणि शेजारी धावून येऊ शकतात. म्हणजे रात्रीची मुभा देतानाच त्या नियमाने पहाटेची मर्यादा सांगितली. त्याला दोन्ही जीव दिसतात, घरमालकाचा आणि चोराचाही. ह्यूमर यांच्या दृष्टान्तात मात्र पहाट होतच नाही.

हा केवळ कथेच्या सौंदर्याचा मुद्दा नव्हे. अक्वायनस यांच्यापासून आजच्या कॅथॉलिक धर्मशिक्षण-ग्रंथापर्यंत जी परंपरा आहे तिने हक्क मान्य केला तो बचावाच्या कृतीचा. इतरांच्या जिवाची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्यांच्या बाबतीत तर ही परंपरा अशा बचावाला गंभीर कर्तव्यही मानते. परंतु कृतीला प्रसंग असतो, आणि प्रसंग हेच तिचे माप. वस्तू बाळगण्याला असे माप नसते. धोक्याच्या त्या एका रात्रीसाठी बंदूक दहा हजार रात्री घरात पडून असते, आणि त्या दहा हजार रात्री त्या घरात माणसे राहतात, भांडतात, दारू पितात, निराश होतात. मुले कपाटे उघडतात. कृतीच्या हक्कावरून वस्तूच्या हक्कावर जाताना ह्यूमर यांनी ही सारी मधली जागा एका पावलात ओलांडली आहे. माझ्या मते त्यांच्या युक्तिवादाचे खरे वैगुण्य येथे आहे.

४

त्या मधल्या जागेत काय घडते याचे काही पुरावे आज उपलब्ध आहेत. २०२१ साली अमेरिकेत बंदुकीच्या गोळीने ४८,८३० माणसे दगावली. त्यांतील निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या, आणि सुमारे २१,००० खून. कॅलिफोर्नियातील पिस्तूलधारकांचा एक विस्तृत अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. पिस्तूल बाळगणाऱ्या पुरुषांचे बंदुकीने आत्महत्या करण्याचे प्रमाण ते न बाळगणाऱ्यांच्या सुमारे ८ पट आणि स्त्रियांमध्ये सुमारे ३५ पट असल्याचे त्यात आढळले. येथे ह्यूमर यांच्या बाजूने एक रास्त उत्तर देता येईल : स्वतःवर ओढवून घेतलेला धोका हा दुसऱ्याच्या हक्काचा भंग नव्हे. हे उत्तर मला पुरते पटत नाही. क्षणिक निराशेच्या भरात केलेली कृती ही माणसाच्या स्वातंत्र्याची अभिव्यक्ती आहे असे मानणे कठीण आहे. तरी वादापुरते ते मान्य करू. मग त्याच संशोधकांचा २०२२ साली आलेला दुसरा अभ्यास पाहावा. ज्यांच्याकडे स्वतःचे पिस्तूल नाही, पण ज्यांच्या घरातील दुसऱ्या कोणाकडे ते आहे, अशा माणसांचा खून होण्याचे प्रमाण पिस्तूल नसलेल्या घरातील माणसांच्या दुपटीहून अधिक आढळले. जोडीदाराच्या गोळीला बळी पडलेल्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या.

दृष्टान्तातील घर आणि हे घर ताडून पाहावे. तेथे मारेकरी बाहेरून येतो आणि बंदूक बळीच्या उशाशी असते. येथे पुष्कळदा मारेकरी घरचाच असतो आणि बंदूक त्याच्या उशाशी असते. २०२४ सालच्या ‘रहीमी’ खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध १ मतांनी ठरविले की, घरातील व्यक्तीच्या जिवाला धोका असल्याचा निष्कर्ष काढून न्यायालयाने ज्याच्याविरुद्ध मनाईहुकूम दिला आहे, त्याच्याकडून बंदूक काढून घेता येते. बंदुकीच्या हक्काचा विस्तार करणाऱ्या न्यायालयानेच ही मर्यादा मान्य केली, हे महत्त्वाचे. अशा घरात बंदूक काढून घेणाऱ्याला साथीदार कोण म्हणेल?

बंदुकीने जीव वाचतातही, हे नाकारता येत नाही. किती वाचतात, याविषयी मात्र कमालीचा मतभेद आहे. गॅरी क्लेक आणि मार्क गर्ट्झ यांनी १९९५ साली केलेल्या अंदाजानुसार अमेरिकेत वर्षाला सुमारे २५ लाख वेळा बंदुकीने बचाव केला जातो. शासनाच्या नियमित गुन्हे-सर्वेक्षणातून निघणारा आकडा लाखाच्या आसपास किंवा त्याहूनही खाली राहतो. ह्यूमर यांना पहिला अंदाज जवळचा वाटतो. परंतु दोन आकड्यांत इतकी तफावत असताना ‘कितीतरी पटींनी’ जीव वाचल्याचे सिद्ध करण्याचा भार एकाच पक्षावर टाकणे न्याय्य नाही. बंदूक बाळगणारा आपल्या पत्नीवर, मुलांवर आणि शेजाऱ्यांवर त्यांच्या संमतीवाचून एक धोका लादीत असतो. पुराव्याचा काही भार त्यानेही उचलला पाहिजे.

५

ह्यूमर यांच्या विरोधकांपैकी दोघांचा येथे विशेष उल्लेख करावयास हवा. सँडी हूकच्या घटनेनंतर त्याच महिन्यात तत्त्वज्ञ जेफ मॅकमॅहन यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये एक लेख लिहून खासगी बंदुकांवर सरसकट बंदीच हवी असे प्रतिपादिले. त्यांच्या लेखात कथा नाही, तर एक साखळी आहे. काही नागरिक बंदुका घेतात. त्यामुळे निःशस्त्र माणसे अधिक असुरक्षित होतात आणि तीही बंदुका घेतात. जसजशी शस्त्रे वाढतात तसतसे पोलिसांचे रक्षण करण्याचे सामर्थ्य घटते. शेवटी सर्वांच्या हाती बंदूक येते आणि सारेच पूर्वीपेक्षा अधिक धोक्यात येतात. प्रत्येकाचा निर्णय त्याच्यापुरता शहाणपणाचा, पण सर्वांचा मिळून परिणाम घातक. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार अमेरिकेतील नागरिकांकडे ३९ कोटी ३० लाख बंदुका होत्या, म्हणजे माणसांहून अधिक. ही साखळी तेथे कोठवर पोचली आहे ते यावरून कळते.

दुसरे विचारवंत ह्यू लाफॉलेट. २००० साली ‘एथिक्स’ या नियतकालिकात लिहिलेल्या निबंधात त्यांनी बंदुकीचा हक्क मूलभूत नसून साधित आहे, हे ह्यूमर यांच्याआधीच सांगितले होते. परंतु त्यातून काढलेला निष्कर्ष वेगळा होता. साधित हक्काला मूळ हक्काइतकी उंची नसते, आणि साधनच धोकादायक असेल तर त्याचे परिणाम तपासणे भाग आहे. त्यांनी सुचविलेला उपायही विचार करण्याजोगा आहे : आपल्या बंदुकीने जी हानी होईल तिची भरपाई मालकाने केली पाहिजे, मग त्याची चूक असो वा नसो, आणि त्यासाठी विमा उतरविण्याची सक्ती करावी.

या दोघांचे विवेचन मला अधिक सयुक्तिक वाटते. तरीही त्यांच्यापुढे, आणि त्यांच्याशी सहमत होणाऱ्या आपल्यापुढे, ह्यूमर यांचा एक प्रश्न उभाच राहतो. ज्या माणसाच्या हातून आपण साधन काढून घेतले, त्याच्या मदतीला त्या रात्री कोण येणार?

ह्यूमर ज्या राज्यात अध्यापन करतात त्या कोलोरॅडोमधील कॅसल रॉक या गावी जून १९९९ मध्ये एक माणूस न्यायालयाचा मनाईहुकूम मोडून आपल्या तीन मुलींना घेऊन गेला. आईने पोलिसांना पुन्हा पुन्हा विनविले, पण काही हालचाल झाली नाही. त्या तिन्ही मुलींचा खून झाला. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी निर्णय दिला की, मनाईहुकुमाची अंमलबजावणी पोलिसांनी करावीच, असा घटनात्मक हक्क त्या आईला नव्हता. युवाल्डीच्या शाळेत सशस्त्र पोलीस सुमारे ७७ मिनिटे मारेकरी असलेल्या वर्गात शिरले नाहीत. बंदुकीचे समर्थक या घटना पुढे करतात तेव्हा त्यांना वेडगळ म्हणून चालणार नाही. जे शासन रक्षणाची हमी देत नाही त्याला रक्षणाचे साधन काढून घेण्याचा अधिकार कोठून आला, हा प्रश्न खराच आहे.

त्याला इतिहासही आहे. अमेरिकेच्या दक्षिणेतील कृष्णवर्णीयांचे झुंडबळी थांबविण्यासाठी लढणाऱ्या पत्रकार आयडा बी. वेल्स यांनी १८९२ साली आपल्या पुस्तिकेत प्रत्येक कृष्णवर्णीय घरात रायफलीला मानाची जागा असावी असे लिहिले, कारण तेथे कायदाच झुंडीच्या बाजूने होता. जानेवारी १९५६ मध्ये माँटगोमेरी येथील मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बॉम्ब पडला. त्यानंतर अहिंसेच्या या भावी प्रवक्त्याने पिस्तुलाच्या परवान्यासाठी अर्ज केला आणि तो फेटाळला गेला. परवाना देणारा हात निःपक्षपाती असतोच असे नाही, हे आपणांसही नवे नाही. १८७८ सालच्या शस्त्रकायद्याने हिंदी माणसाला निःशस्त्र केले आणि युरोपियनांना सवलत दिली. त्या कायद्याची बोच इतकी खोल होती की, १९३१ सालच्या कराची काँग्रेसच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत गणला गेला. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामत यांनी तो हक्क घटनेत घालण्याची सूचना मांडली, पण ती स्वीकारली गेली नाही. परकीय सत्तेने लादलेली निःशस्त्रता आणि स्वतंत्र नागरिकांनी आपणहून पत्करलेली निःशस्त्रता या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीत मानहानी असते. दुसरीत परस्परांवरचा विश्वास असतो, किंवा असावयास हवा.

६

मग बंदुकीचा नैतिक हक्क आहे की नाही?

उत्तराकडे जाताना कॅसल रॉकच्या घटनेतील एक तपशील विसरता येत नाही. त्या पित्याने त्याच संध्याकाळी एक पिस्तूल विकत घेतले होते. मनाईहुकूम असलेल्या माणसाला ते मिळाले, हीदेखील त्या मुलींच्या रक्षणातील कसूर होती. आणि युवाल्डीच्या १९ मुलांचे काय? ह्यूमर यांच्या सिद्धान्तात त्यांच्यासाठी कोणता हक्क आहे? दहा वर्षांच्या मुलाच्या उशाशी बंदूक ठेवावी असे कोणीही म्हणणार नाही. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाला किंवा अंध माणसाला बंदुकीचा काय उपयोग? स्वसंरक्षणाचा हक्क बंदुकीच्या रूपात मूर्त होतो असे मानले, तर तो धडधाकट प्रौढांचाच हक्क होऊन बसतो. परंतु ज्या मूळ हक्कातून तो निघाला असे ह्यूमर सांगतात, तो जगण्याचा आणि सुरक्षित असण्याचा हक्क मुलाला प्रौढाइतकाच आहे. किंबहुना, जो स्वतःचे रक्षण करू शकत नाही त्याचा हा हक्क इतरांवर अधिक बंधनकारक आहे. म्हणून हक्क ही कपाटात ठेवण्याची वस्तू नसून माणसामाणसांतील एक नाते आहे. माझा हक्क म्हणजे इतरांनी मला काहीतरी देणे लागणे. त्या मुलांना काय देणे लागत होते? बंदूक नव्हे. धोका दाराशीच अडविणारी व्यवस्था आणि हाक ऐकून आत धावणारी माणसे त्यांना मिळावयास हवी होती.

या दृष्टीने पाहिले तर ह्यूमर यांचा दृष्टान्त आपणांस निम्मे सत्य सांगतो. धोक्यातील माणसाच्या हातून बचावाचे साधन हिसकावून त्याला एकटे सोडणे हा घोर अन्याय आहे, हे खरे. परंतु त्या साथीदाराचा अपराध बंदूक नेण्यात जितका आहे तितकाच, किंबहुना अधिक, पळून जाण्यात आहे. तो बंदूक घेऊन दारात उभा राहिला असता, मारेकऱ्याला अडविले असते, तर आपण त्याला दोष दिला असता काय? ह्यूमर यांनी या दोन कृती एकत्र केल्या आणि दोष पहिलीच्या माथी मारला.

व्हॅटिकनच्या न्याय आणि शांती परिषदेने १९९४ साली शस्त्रव्यापारावर एक निवेदन प्रसिद्ध केले. प्रत्येक राष्ट्राने पिस्तुलांच्या आणि लहान शस्त्रांच्या विक्रीवर कडक नियंत्रण ठेवावे, अशा खरेदीवर मर्यादा घातल्याने कोणाच्याही हक्काचा भंग होत नाही, असा निर्वाळा त्यात दिला आहे. निष्कर्ष म्हणून तो मला मान्य आहे. मर्यादा म्हणजे सरसकट बंदी नव्हे, हेही ध्यानात घ्यावे. परंतु एका वाक्यात दिलेला हा निर्वाळा पुरेसा नाही. त्याला एक अट जोडली पाहिजे. नागरिकाला शस्त्रावाचून राहावयास सांगणारा समाज त्याच्या रक्षणाचे ऋण स्वतःवर घेतो. ते ऋण समाज फेडीत असेल तर बंदुकीवरील मर्यादा कोणाचाही हक्क हिरावीत नाही, उलट सर्वांचा मूळ हक्क राखते. ते फेडले नाही, हाक मारणाऱ्या आईला कचेरीतून परत पाठविले, दुबळ्या जातीच्या किंवा वर्णाच्या वस्तीकडे पाठ फिरविली, तर कायदा कितीही चांगला असो, ह्यूमर यांचा आरोप त्याला चिकटतोच. आणि जो बंदूक ठेवण्याचा आग्रह धरतो त्यानेही लाफॉलेट म्हणतात त्याप्रमाणे तिच्या प्रत्येक रात्रीचा हिशेब दिला पाहिजे.

ह्यूमर यांचा निबंध वाचून बंदुकीविषयीचे माझे मत बदलले नाही. बंदुकीला विरोध करणाऱ्याच्या शिरावर काय येऊन पडते, ते मात्र त्याने स्पष्ट केले. शस्त्राला ‘नको’ म्हणणे सोपे असते. ते म्हटल्यावर शेजाऱ्याच्या दारी जागत राहावे लागते. ज्यांना ही जागल करावयाची नाही, त्यांनी घाबरलेल्या माणसाला निःशस्त्र राहण्याचा उपदेश करू नये.